‘मामा’ आणि ‘ए हिरो’

शनिवारची संध्याकाळ. कासवरून परत येताय. मागं एक मित्र, त्याच्या मागं आणखी एक. हेल्मेट घरी, खुंटीला. साताऱ्यात शिरलात, पोवई नाक्यापर्यंत आलात आणि शिट्टी वाजली.

“ए हिरो, गाडी बाजूला घे.”

“काय झालं मामा?”

“मामा कुणाला म्हणतोस रं? उतर खाली.”

पुढचं तुम्हाला पाठ असेल. एक मित्र वडिलांच्या ओळखीच्या नगरसेवकाला फोन लावतो. दुसरा मोबाइल वर धरून शूटिंग चालू करतो. पोलिसाचा हात गाडीच्या चावीकडं जातो. चार बघे जमतात. आवाज चढतात. ट्रिपल सीट आणि हेल्मेट हा मूळ मुद्दा केव्हाच मागं पडलेला असतो. आता प्रश्न एवढाच उरतो, की कोण कुणापुढं वाकतं.

साताऱ्याच्या जागी सांगलीतला कॉलेज कॉर्नर घ्या, कराड घ्या, मिरज घ्या. संवाद तोच. बहुतेक वेळा तो चलनावर संपतो आणि संध्याकाळी चहाच्या गाड्यावर त्याचा किस्सा होतो. पण कधी कधी तो ठाण्यापर्यंत जातो, गुन्हा दाखल होतो, आणि पाच मिनिटांच्या तावात तीन वर्षांच्या अभ्यासावर पाणी पडतं. म्हणून आज या पाच मिनिटांबद्दल बोलू. त्यात पोलिसांनी कसं वागायचं आणि आपण कसं वागायचं, हे बरंचसं कायद्यात लिहिलेलं आहे. ज्याला ते माहीत असतं, त्याला आवाज चढवावा लागत नाही.

दोन्ही बाजूंना आपलीच पोरं

पहाटे साडेपाचला साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या कुठल्याही मैदानावर जा. सोळाशे मीटर पळणारी, गोळा फेकणारी पोरं दिसतील, आठशे मीटरला घड्याळ लावून पळणाऱ्या पोरी दिसतील. ही सगळी भरतीची तयारी. तीच मंडळी दहा वाजता तुमच्या शेजारच्या बाकावर असतात आणि दुपारी अभ्यासिकेत. यातलीच काही तासगाव तालुक्यातल्या तुरचीच्या प्रशिक्षण केंद्रात किंवा दुसरीकडे कुठंतरी ट्रेनिंग घेतील आणि खाकी घालून चौकात उभी राहतील. म्हणजे आज ज्याला तुम्ही ‘मामा’ म्हणून खिजवताय, तो कालपर्यंत तुमच्यासारखाच कुणाच्या तरी मागं बसून कासला गेलेला असतो. आणि ज्याला तो ‘ए हिरो’ म्हणतोय, तो उद्या त्याचाच सहकारी असू शकतो.

मग घरातलीच माणसं असताना एवढं अंतर का? त्याला जुनी कारणं आहेत. ब्रिटिशांनी १८५७ च्या उठावानंतर १८६१ चा पोलीस कायदा आणला, तो लोकांची सेवा करायला नव्हे, राज्य टिकवायला. त्याची झळ आपल्या भागानं सोसली आहे. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर तिरंगा घेऊन निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला गोळीबार झाला, तिथं दोघं गेले. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. ‘पोलीस आला की दार लावून घे’ ही आजीची सवय हवेतून आलेली नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलायला हवं होतं. काही बदललंही. ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे महाराष्ट्र पोलिसांचं ब्रीद झालं. चांगल्यांचं रक्षण आणि वाइटांचा बंदोबस्त, असा त्याचा अर्थ. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावचं भांडण ठाण्यात जाण्याआधी गावातच मिटावं, पोलीस आणि गावकरी एका सतरंजीवर बसावेत, हा तिचा हेतू होता. पण रस्त्यावरच्या बोलीत ते सद्रक्षण अजून पुरतं उतरलेलं नाही, आणि आपल्या मनातली भीतीही गेलेली नाही.

एक केडंबे, एक सांगली

पोलिसांबद्दल बोलताना आपण दोन टोकांना जातो. एक तर ‘सगळे असलेच’ किंवा ‘पोलीस आहेत म्हणून आपण आहोत’. दोन्ही टोकांची उदाहरणं आपल्याच भागात आहेत. ती दोन्ही एकदम डोक्यात ठेवता आली पाहिजेत.

जावळी तालुक्यातलं केडंबे. इथले तुकाराम ओंबळे सैन्यातून निवृत्त होऊन मुंबई पोलिसांत गेले, सहायक फौजदार झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर अतिरेक्यांची गाडी अडवली, तेव्हा त्यांच्या हातात फक्त काठी होती. कसाबच्या रायफलची नळी त्यांनी हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, पण नळी सोडली नाही. त्यामुळं कसाब जिवंत सापडला आणि त्याच्यावर रीतसर खटला चालवता आला. ओंबळेंना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. यातली एक गोष्ट विसरू नका. इतका मोठा गुन्हा करणाऱ्यालाही या देशानं वकील दिला, कोर्ट दिलं, मग शिक्षा दिली.

आता सांगली, नोव्हेंबर २०१७. लुटीच्या एका किरकोळ गुन्ह्यात सांगली शहर पोलिसांनी दोन तरुणांना पकडलं. त्यातल्या एकाचा कोठडीत मृत्यू झाला. सुरुवातीला सांगितलं गेलं, की दोघं पळून गेले. मग बाहेर आलं, की मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला होता. एका उपनिरीक्षकासह पोलिसांना अटक झाली, तपास सीआयडीकडं गेला. त्या तरुणाचं नाव सांगलीत अजून सगळ्यांना माहीत आहे. तो पंचविशीतला होता, म्हणजे तुमच्यापेक्षा जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठा.

त्यानं गुन्हा केला होता की नाही, हे ठरवण्याची जागा कोर्ट होती. ती संधी कुणालाच मिळाली नाही, त्याला नाही आणि ज्यानं फिर्याद दिली त्यालाही नाही. कसाबला कोर्टापर्यंत पोचवण्यासाठी साताऱ्याच्या एका पोलिसानं जीव दिला आणि सांगलीत एक पोरगा कोर्टापर्यंत पोचलाच नाही. दोन्हीकडं अंगावर खाकीच होती. फरक एवढाच, की एका ठिकाणी ती कायद्यासाठी उभी राहिली आणि दुसऱ्या ठिकाणी कायदा तिच्या आड गेला.

रस्त्यावर अडवलं तर

आता कामाचं बोलू. अडवलं की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, हात दिसतील असे ठेवा. पळू नका. पळणाऱ्याच्या मागं संशय पळतो, आणि वळणावर ट्रकही असतो.

गणवेशातल्या पोलिसानं मागितल्यावर लायसन दाखवणं मोटार वाहन कायद्यानं बंधनकारक आहे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली कागदपत्रं मूळ कागदांइतकीच ग्राह्य असतात, त्यामुळं ‘आरसी घरी राहिली’ या सबबीची आता गरज नाही. लायसनच नसेल, तर पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. धाकटा भाऊ अठराच्या आतला असेल आणि तुमची गाडी घेऊन क्लासला जात असेल, तर गोष्ट आणखी गंभीर. पालकाला किंवा गाडीमालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या भावाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही.

पोलीस चलन करू शकतात. कायद्यात सांगितलेल्या कारणांसाठी लायसन जप्त करून पावती देऊ शकतात, गाडी अडकवून ठेवू शकतात. गाडीची चावी हिसकावून घ्यावी, कानाखाली वाजवावी किंवा उठाबशा काढायला लावाव्यात, असं मात्र कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही. दंड भरलात तर पावती किंवा ई-चलन घ्या. ‘शंभर दे आणि जा’ असं कुणी म्हणालं, तर आधी आपल्याकडं बघा, कारण पुष्कळदा ही ऑफर आपणच देतो. तुम्ही दिली नसेल आणि समोरून मागणी झाली, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

चलन चुकीचं वाटतंय? मग रस्त्यावर निकाल लावायचा हट्ट नको. ई-चलनाविरुद्ध ऑनलाइन तक्रार करता येते, कोर्टातही जाता येतं. चौक ही भांडायची जागा आहे, जिंकायची नाही.

आणि शूटिंग? जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं वर्ध्यातल्या एका प्रकरणात सांगितलं, की पोलीस ठाणं हे शासकीय गुपितं कायद्यातलं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, त्यामुळं ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. पण याचा अर्थ कॅमेरा पोलिसाच्या नाकासमोर नाचवावा असा नाही. बाजूला उभं राहून, कामात अडथळा न आणता काढा. आणि तो व्हिडिओ पुरावा म्हणून जपा. शिव्यांची कॅप्शन टाकून रील केलीत, की तुमचीच बाजू लंगडी पडते.

ठाण्यात बोलावलं किंवा ताब्यात घेतलं तर

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्यातल्या काही गोष्टी पाठ असू द्या.

• अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाची ओळख स्पष्ट दिसली पाहिजे. अटकेचा पंचनामा झाला पाहिजे, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही हवी आणि तुमचीही सही हवी.

• अटक कशासाठी, हे सांगितलंच पाहिजे. गुन्हा जामीनपात्र असेल तर तेही सांगितलं पाहिजे.

• तुम्ही सांगाल त्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

• चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं. अर्थात, पूर्ण वेळ वकील शेजारी बसवता येत नाही.

• प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलंच पाहिजे.

• अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते. अंगावर मार असेल तर तिथं डॉक्टरांना सांगा, मॅजिस्ट्रेटनाही सांगा. तिथं गप्प बसलात तर पुढं सिद्ध करणं अवघड जातं.

• स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्यानं मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यावी लागते. झडतीही महिलेनंच घ्यायची. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल, तर स्त्रीला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी ती राहते तिथं यायचं.

यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ डी. के. बसू खटल्यात आहे. पश्चिम बंगालमधल्या एका विधी सेवा संस्थेच्या अध्यक्षांनी १९८६ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्या पत्राचीच याचिका झाली. डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयानं अकरा नियम घालून दिले. पुढं डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. एका नागरिकाच्या पत्रातून किती काय घडतं बघा.

आणि ‘थर्ड डिग्री’बद्दल. पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. उलट कबुलीसाठी मारहाण करणं हाच गुन्हा आहे, त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि गंभीर दुखापत झाली तर दहा. सिनेमात फौजदार पट्टा काढतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. त्या टाळ्यांचा हिशेब सांगलीत एका घरानं चुकता केला आहे.

आता आपली बाजू

कायदा त्यांनाच नाही, आपल्यालाही लागू आहे. पोलिसांच्या कायदेशीर सूचना पाळणं नागरिकांवर बंधनकारक आहे. गणपतीच्या मिरवणुकीत ‘डॉल्बी बंद करा’ म्हटल्यावर हुज्जत घालणं, बंदोबस्तावरच्या शिपायाची कॉलर धरणं, महिला पोलिसाला टोमणे मारणं, हे ‘मर्दानगी’च्या खात्यात जमा होत नाही. लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘३५३’ आहे, तेच हे.

हेल्मेटचं चलन आठवड्यात विसरतं. १३२ मात्र चारित्र्य पडताळणीत उभं राहतं. पोलीस भरती, सैन्य, बँक, पासपोर्ट, प्रत्येक फॉर्ममध्ये एक रकाना असतो, ‘आपल्यावर गुन्हा दाखल आहे का?’ मैदानावर दोन वर्षं पळून कमावलेलं एका धक्काबुक्कीत जातं. अशी पोरं प्रत्येक गावात आहेत, तुमच्याही असतील.

दुसरी सवय म्हणजे ‘ओळखतोस का मी कोण आहे?’ आणि त्यापाठोपाठ ‘थांब, साहेबांना फोन लावतो.’ हा फोन लागला की तुमची गाडी सुटते, हे खरं. पण त्याच चौकात मागं उभ्या असलेल्या, कुणाचाही नंबर नसलेल्या पोराचं चलन फाटतं. वशिल्यानं सुटणाऱ्यांनी ‘पोलीस भेदभाव करतात’ अशी तक्रार करू नये. तो भेदभाव त्यांनीच फोन करून मागवलेला असतो.

आणि थोडं त्या उभ्या माणसाकडं बघा. गणेशोत्सवात तुम्ही नाचत असता, तेव्हा त्याची रजा बंद असते. २०१९ च्या महापुरात सांगली पाण्याखाली होती, तेव्हा तो गुडघाभर पाण्यात उभा होता आणि त्याचं स्वतःचं घर कदाचित शेजारच्या गावात बुडत होतं. त्याच्या चुका यानं माफ होत नाहीत. पण ‘मामा’ऐवजी ‘साहेब’, ‘दादा’ किंवा ‘मॅडम’ म्हणायला आपलं काय जातं?

हेच उलटही म्हणता येतं. कॉलेजच्या पोराला ‘तुम्ही’ म्हटल्यानं वर्दीची इस्त्री मोडत नाही. ‘कुठला रं तू?’ या प्रश्नानंतर गाव, आडनाव आणि त्यावरून जात चाचपली जाते, हे त्या पोराला कळतं. कागद बघायचे असतील तर कागद बघा. चूक झाली असेल तर कलम सांगा, चलन द्या. ज्याच्या हातात काठी आहे, त्यानं आधी आवाज खाली ठेवायचा, कारण भांडण वाढलं तर दोघांमध्ये बळ त्याचं जास्त असतं. इथं जबाबदारी सारखी वाटली जात नाही. ज्याच्याकडं अधिकार जास्त, त्याच्याकडून संयमाची अपेक्षाही जास्त.

चुकीचं घडलं तर

ठाण्यात तक्रार घेत नाहीत? दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द बघायची नाही. त्यालाच झीरो एफआयआर म्हणतात. एफआयआरची प्रत मोफत मिळते. नोंदवायला नकार दिला, तर लेखी तक्रार जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा, तरीही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं जाता येतं. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे कोल्हापूर परिक्षेत्रात येतात, त्यामुळं अधीक्षकांच्या वर कोल्हापूरला विशेष पोलीस महानिरीक्षक आहेत. पोलिसांच्या वागणुकीविरुद्ध राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, मानवी हक्क आयोग आहे. वकिलाचे पैसे नाहीत? जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो. हेल्पलाइन १५१००.

तक्रार लिहिताना तारीख, वेळ, ठिकाण, नेमप्लेटवरचं नाव आणि साक्षीदार लिहा. शिव्या आणि विशेषणं वगळा. आणि ज्या शिपायानं तुमच्या बहिणीची तक्रार नीट ऐकून घेतली, रात्री ११२ वर फोन केल्यावर जो धावत आला, त्याच्याबद्दलही अधीक्षकांना दोन ओळी लिहा. चांगल्या कामाची दाद कागदावर पोचली, तर त्याच्या वरिष्ठांनाही ती दिसते.

आता पुन्हा पोवई नाक्यावर या. शिट्टी वाजली आहे.

“गाडी बाजूला घ्या जरा. हेल्मेट कुठंय? आणि तिघं?”

“चुकलं साहेब. हे लायसन.”

“चलन येईल मोबाइलवर. तिसऱ्याला एसटीनं पाठवा. हळू जा.”

दोन मिनिटं. खिशाला चाट बसली, पण मान कुणाचीच खाली गेली नाही. चहाच्या गाड्यावर सांगण्यासारखा किस्साही झाला नाही. तसा तो होऊ नये, हेच बरं.

तुमच्यापैकी काही जण उद्या पहाटे पुन्हा मैदानावर जाणार आहेत. दोन-तीन वर्षांत शिट्टी तुमच्या हातात असेल आणि समोरून ट्रिपल सीट येत असेल. तेव्हा त्या पोराला काय म्हणणार, हे आजच ठरवून ठेवा.